पक्क्या लायसन्सची दुचाकी चाचणी: या चुका टाळा

माझ्याकडे मोटरसायकल शिकायला येणारी मुलं-मुली बहुतेक नात्यातली, नाहीतर शेजारपाजारची. इतक्या वर्षांत एक फोन मला पाठ झाला आहे. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी येतो. "मावशी, उद्या टेस्ट आहे. आठ कसा काढायचा तेवढं सांगा ना."

आठ, म्हणजे इंग्रजी 8 च्या आकाराच्या वाटेवर पाय न टेकता गाडी फिरवणं, फोनवर सांगून येत नाही. कच्चं लायसन्स मिळाल्यावर पक्क्यासाठी चाचणी द्यायला कायद्यानेच निदान ३० दिवस थांबावं लागतं, आणि कच्चं लायसन्स ६ महिने चालतं. एवढा वेळ हातात असताना ही मुलं सरळ रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने गाडी पळवतात आणि म्हणतात, मला गाडी येते. वेगात गाडी स्वतःच तोल धरते, त्यात तुमचं कौशल्य फारसं नसतं. चालत्या माणसाच्या वेगाने, पाय न टेकता, अरुंद जागेत गाडी वळवता येते का, हे चाचणीत बघतात. त्याचा सराव ९० टक्के मुलं करतच नाहीत, असं मला माझ्या अंगणातल्या अनुभवावरून वाटतं.

चाकाकडे बघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

माझा भाचा रोज कॉलेजला गाडीने जायचा. हात साफ होता. पहिल्या चाचणीत आठच्या दुसऱ्या वळणावर डावा पाय टेकला, नापास. नापास झाल्यावर ७ दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तो बरोबर आठव्या दिवशी गेला, मधल्या काळात गाडीला हात न लावता. पुन्हा त्याच जागी पाय टेकला. आता एकच संधी उरली होती, कारण तिसऱ्यांदाही नापास झाला असता तर पुढची चाचणी ६० दिवसांनंतरच, आणि त्याआधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा प्रशिक्षण. तेव्हा कुठे तो माझ्याकडे आला.

मी मैदानात चार विटा ठेवल्या आणि म्हटलं, यांच्यामधून आठ काढ. पहिल्याच फेरीत तो एका विटेवर गेला. दुसऱ्या फेरीत पुन्हा त्याच विटेवर. त्याला वाटलं, हॅण्डल जड आहे. मी समोर उभी राहून त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. वीट जवळ आली की त्याची नजर विटेवर खिळायची. डोळे जिथे जातात तिथे डोकं वळतं, डोक्यामागे खांदे आणि खांद्यांमागे हॅण्डल. विटेकडे बघत राहिलं की गाडी विटेकडेच जाते. चाचणीच्या मैदानावर तो असाच पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होता.

मग मी विटा उचलल्या आणि स्वतः वळणाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. हातात रुमाल. तो एका वळणात शिरला की मी चालत पुढच्या वळणाच्या बाजूला जायचे आणि रुमाल वर करायचे. त्याने फक्त रुमालाकडे बघायचं, मान पूर्ण वळवून, हनुवटी खांद्याला लागेल इतकी. पहिली पंधरा मिनिटं तो चिडला होता. खाली न बघता गाडी कशी वळवायची, म्हणाला. अर्ध्या तासाने आठ न टेकता निघाला. चार दिवस रोज एक तास हेच केलं आणि तिसऱ्या चाचणीत तो पास झाला.

रुमाल धरणारं कोणी नसेल तर मैदानाच्या कडेची झाडं घ्या. या वळणात असताना पुढच्या वळणाचं झाड बघायचं. इतकंच, पण रोज.

क्लच सोडणं, नाहीतर पूर्ण दाबून ठेवणं

दुसरी मोठी चूक डाव्या हाताची. घाबरलेला माणूस वळणात क्लच पूर्ण दाबतो. चाकाला इंजिनाची ओढ मिळेनाशी होते, गाडी मंदावते आणि आतल्या बाजूला कलंडते. दुसरा माणूस क्लच एकदम सोडतो, गाडी हिसका देते किंवा बंद पडते. दोघांचाही पाय खाली येतो.

पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट दाबलेला, एक्सलरेटर किंचित आणि एकसारखा, वेग कमीजास्त करायचा तो उजव्या पायाखालच्या मागच्या ब्रेकने. हे तीन एकत्र जमले की गाडी दोरीवर चालल्यासारखी शांत चालते. पुढच्या ब्रेकला वळणात हात लावायचा नाही. हॅण्डल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी क्षणात आत पडते. माझ्याकडच्या मुलांना सराव करताना मी उजव्या हाताची चारही बोटं मुठीभोवती ठेवायला लावते, म्हणजे घाईत लिव्हर ओढला जात नाही. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना बहुधा कॉम्बी ब्रेक असतो, त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. अशी गाडी असेल तर पाय आणखी हलका ठेवा.

माझा नियम असा: पहिला आठवडा आठ काढायचाच नाही. वीस पावलांची सरळ रेघ आखायची आणि ती जास्तीत जास्त हळू पार करायची. मनातल्या मनात आकडे मोजायचे, काल पंधरा झाले असतील तर आज वीस. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. दोन दिवसांत विचारतात, आठ कधी? रेघेवर तोल आलेला नसताना आठ काढणारी मुलं आठ दिवस पाय टेकत राहतात, आणि पाय टेकायची सवय एकदा लागली की ती सोडवायला दुप्पट वेळ जातो. नव्याने शिकणाऱ्या कोणासाठीही मी हा आठवडा कमी करत नाही.

हाफ क्लच एवढ्यापुरताच, हेही सांगते. रोजच्या रस्त्यावर ही सवय ठेवली तर क्लच प्लेटा जळतात.

स्कूटरवर चाचणी देऊन मोटरसायकल चालवणं

हा सल्ला एजंट देतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. "स्कूटरवर द्या, गिअर-क्लचची भानगड नाही, लगेच पास." होतोही पास. पण लायसन्सवर गिअर नसलेल्या दुचाकीचीच नोंद येते. त्या लायसन्सवर गिअरची मोटरसायकल चालवणं म्हणजे लायसन्स नसताना चालवणं. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने हेच केलं. वर्षभराने त्याला गिअरची गाडी चालवण्याचं काम मिळालं आणि लायसन्स दाखवल्यावर त्याला परत पाठवलं. मग गिअरच्या वर्गासाठी पुन्हा कच्चं लायसन्स, पुन्हा ३० दिवस, पुन्हा चाचणी. तोवर काम दुसऱ्याला गेलं होतं. आज ना उद्या मोटरसायकल चालवायची असेल तर कच्चं लायसन्स काढतानाच गिअरसहित दुचाकीसाठी अर्ज करा आणि चाचणीही त्याच गाडीवर द्या. जे शिकायचं टाळलं, ते रस्त्यावर गर्दीत शिकावं लागतं आणि ते फार धोक्याचं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात

मित्राची भारी गाडी नेऊ नका. ज्या गाडीवर सराव केला तीच न्या, मग ती कितीही जुनी असो.

टायरमध्ये हवा कमी असेल तर हॅण्डल हळू वेगात जड लागतं. आदल्या दिवशी हवा भरा.

गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी संपलेलं नाही ना, हे आठवडाभर आधी बघा. सकाळी रांगेत उभं राहून बघू नका.

पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरस. कागदावर पेनाने काढलेला एल चालत नाही.

हेल्मेटचा पट्टा लावा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट निरीक्षकांना लांबूनही दिसतं.

गिअर टाकताच गाडी बंद पडते आणि मुलं घाबरून जातात. अनेक नव्या गाड्यांत साइड स्टॅण्ड खाली राहिलं की इंजिन बंद होतं. आधी स्टॅण्ड बघा, मग किल स्विच, म्हणजे हॅण्डलवरचं इंजिन बंद करायचं बटण.

हाताचे इशारे पाठ असू द्यात, आणि इंडिकेटर वापरलात तर वळून झाल्यावर बंद करा.

आणि एक चूक अगदी शेवटची. आठ नीट निघाला की मुलांचा जीव भांड्यात पडतो. मग आरशात न बघता गाडी बाजूला घेतात, थांबायच्या आधीच दोन्ही पाय लोंबकळत सोडतात, नाहीतर हेल्मेट काढून मित्रांना हात करतात. साहेब अजून बघत असतात. आरसा बघा, डावा इंडिकेटर द्या, दोन्ही ब्रेकने सावकाश थांबा, डावा पाय टेका, न्यूट्रल करा, आणि ते "झालं" म्हणेपर्यंत गाडीवर तसेच बसून राहा.