विशेष मुलाच्या आईला तीन तासांची रजा कशी द्यावी

माझी धाकटी बहीण नेरुळला राहते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. मदर्स डेला तिच्या मोबाइलवर 'देव अशी मुलं खास आईच्याच पदरात घालतो' छापाचे मेसेज येतात. त्या दिवशीसुद्धा आंघोळीला जाताना तिला बाथरूमचं दार अर्धं उघडं ठेवावं लागतं. तिचं कौतुक वाटत असेल, तर तिला वेळ द्या.

सुरुवात विचारण्यापासून. 'काही लागलं तर सांग' म्हटलं की कुणीच सांगत नाही. 'शनिवारी चार ते सात मी येते' असं नेमकं सांगा. 'ताई, राहू दे, तुला नाही झेपणार तो,' असं माझी बहीण म्हणाली होती. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं.

पहिल्या तीन-चार वेळा आईला घरातच राहू द्या आणि तुम्ही फक्त बघा. ही पायरी गाळू नका. मी दुसऱ्याच भेटीत उत्साहाने भाताचा कुकर लावला. पहिल्या शिट्टीला भाचा कान दाबून पलंगाखाली शिरला. बहिणीने गॅस बंद केला, दिवा मालवला आणि पलंगाशेजारी फरशीवर आडवी झाली. एक शब्द न बोलता हात पुढे ठेवून पडून राहिली. दहा-बारा मिनिटांनी त्या हातावर एक छोटं बोट टेकलं. मला वाटतं, कौतुक करायचं ते याचं, आणि तिला तसं सांगायचं. 'किती सोसतेस गं' हे तिने खूप ऐकलंय. त्यातून मुलाच्या देखत तर नकोच; त्याला सगळं कळतं.

मग एक कागद करा: तो काय खातो, कशाने बिथरतो, शू लागली की काय खूण करतो, औषधाची वेळ. लिहा तुम्ही, चुका तिला काढू द्या. आमचा कागद फ्रिजवर आहे.

ती बाहेर पडली की फोन करू नका. 'येताना दूध आण' तर मुळीच नको. पहिल्या दिवशी माझी बहीण ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात तळ्याकाठी नुसती बसून आली.

कागदपत्रांतही हात लावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज तुम्ही भरू शकता. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असेल तर 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. वाशीला दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठी महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. तिथे किंवा आणखी कुठे थेरपी चालू असेल, तर एखाद्या दिवशी मुलाला तुम्ही घेऊन जा. मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, तोही विषय वेळेत काढा.

ती परतली की तक्रारीने सुरुवात करू नका. आधी काय खाल्लं, कशाला हसला ते सांगा. काही बिनसलं असेल तर ते नंतर, पण न लपवता. तिला उशीर झाला असेल तर घड्याळाकडे बघू नका. आणि पुढचा शनिवार पक्का करूनच चपला घाला.