किनारा सरकला की पाणी? किनाऱ्याचे नकाशे करताना या चुका टाळा

दोन सॅटेलाइट इमेज घ्यायच्या, दोन्हींवर पाण्याची कड आखायची आणि मधलं अंतर मोजून 'इतकी धूप झाली' म्हणायचं. सर्रास होणारी चूक हीच. पहिल्या नकाशात मीही हेच केलं होतं.

साधा हिशेब करा. पुळणीचा उतार पन्नासात एक आहे, म्हणजे पन्नास मीटर चाललं की जमीन एक मीटर खाली जाते. एक इमेज भरतीची, दुसरी ओहोटीची, पाण्याच्या पातळीत फरक दोन मीटरचा. एवढ्यानं पाण्याची कड शंभर मीटर सरकते. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या १० मीटरच्या पिक्सेलमध्ये ते दहा पिक्सेल झाले. दोन इमेजमध्ये दहा वर्षांचं अंतर असेल, तर वाळूचा कणही न हलता 'दरवर्षी १० मीटर धूप' अहवालात छापून येते. म्हणून प्रत्येक इमेजची वेळ आणि त्या वेळची भरती-ओहोटीची पातळी आधी नोंदवा, आणि मिळत्याजुळत्या पातळीच्याच इमेजची तुलना करा. ऋतूही एकच हवा, कारण वादळी लाटांच्या दिवसांत वाहून गेलेली वाळू शांत हवामानात बरीचशी परत येते.

यात आणखी एक मेख आहे. सेंटिनेल-२ नेहमी स्थानिक सौरवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो आणि उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची) मोठी भरती आणि ओहोटी एका ठिकाणी साधारण ठरावीक वेळीच येते. त्यामुळे काही किनाऱ्यांची पूर्ण ओहोटी त्याला कधी दिसतच नाही. कितीही इमेज जमवल्या तरी ही उणीव भरून निघत नाही.

उंचीच्या डेटातही फसगत होते. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळातून रडारनं मोजलेला उंचीचा डेटा, एसआरटीएम, फुकट मिळतो, म्हणून सगळे तोच वापरतात. पण दाट कांदळवनात आणि वस्तीत त्यातली 'जमीन' म्हणजे बऱ्याच अंशी झाडांचे शेंडे आणि घरांची छपरं. शिवाय आकडे पूर्ण मीटरमध्ये. समुद्र अर्धा मीटर चढला तर काय बुडेल, हे त्यावरून दाखवणं म्हणजे फूटपट्टीनं केसाची जाडी मोजणं! लिडारचा (लेसरनं मोजलेल्या उंचीचा) डेटा मिळत नसेल, तर असा नकाशा न केलेलाच बरा. पूररेषा काढताना बांधामागचा सखल भाग समुद्राला खरोखर जोडलेला आहे का, हेही तपासा. सॉफ्टवेअर बांध न पाहता सगळं निळं रंगवून मोकळं होतं.

जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात, तर सागरी नकाशातली खोली बहुधा सर्वांत खालच्या ओहोटीपासून. दोन्ही तसेच जोडले, तर किनाऱ्यावर नसलेली पायरी तयार होते.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे रेषेभोवतीचा ठरावीक अंतराचा पट्टा, भलताच मोठा आला, तर लेअर (नकाशाचा थर) अक्षांश-रेखांशांच्या अंशांत आहे. १०० टाकलं की ते १०० अंश धरतं. आधी लेअर यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत, बदला.

राहिली बांधकामबंदीची रेषा. १:५०,००० च्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते. झूम केलं की ती बारीक दिसते, अचूक होत नाही. ती कुणाच्या तरी घरावरून जाणार असते. तेव्हा रेघेऐवजी त्रुटीसह पट्टा दाखवा, आणि त्या पट्ट्यात येणारी घरं जागेवर जाऊन मोजा.