आखाताची पातळी आणि तापमान: दीर्घकालीन कल कसा काढावा

आकडेमोड साध्या स्प्रेडशीटमध्ये होते. गफलत होते ती नोंदी निवडताना आणि साफ करताना, त्यामुळे निम्म्याहून अधिक वेळ तिथेच द्या.

पातळीसाठी लिव्हरपूलच्या पीएसएमएसएल या समुद्रपातळीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून मासिक सरासरी घ्या. जगभरच्या भरतीमापकांच्या नोंदी तिथे १९३३ पासून जमा होतात आणि मोफत मिळतात. ‘मेट्रिक’ आणि ‘आरएलआर’ असे दोन प्रकार दिसतील. कलासाठी फक्त आरएलआर. त्यातली नोंद किनाऱ्यावरच्या पक्क्या खुणेशी जोडलेली असते, तर मेट्रिकमध्ये मापकाचे शून्य मधेच बदललेले असू शकते. आकडे ७००० मिमीच्या आसपास दिसले तर दचकू नका, ते ऋण होऊ नयेत म्हणून शून्य मुद्दाम खाली धरलेले असते. -९९९९९ म्हणजे नोंद नाही. त्या चौकटी आधी रिकाम्या करा, नाहीतर सरासरी थेट पाताळात जाते.

आता आलेख काढून नुसता पाहा. समुद्र एका महिन्यात दहा सेंटिमीटर चढून तिथेच थांबत नाही. अशी पायरी दिसली तर मापक हलवलेला असतो, धक्का खचलेला असतो किंवा भूकंपाने जमीन सरकलेली असते. मापक ज्या बंदिस्त नळीत, म्हणजे ‘विहिरीत’, बसवलेला असतो तिचे पाणी आत येण्याचे छिद्र गाळाने बुजले तर तासातासाच्या नोंदीत भरती-ओहोटीचा पल्ला आकसतो आणि वेळा मागे पडतात. सगळ्यात भरवशाची तपासणी म्हणजे त्याच आखातातल्या दुसऱ्या मापकाची मालिका वजा करणे. वारा, ऋतू, हवेचा दाब दोन्हीकडे बहुतांशी सारखाच असतो. वजाबाकीत उरलेली पायरी यंत्राची किंवा जमिनीची.

मासिक सरासरी स्वतः काढत असाल तर १५ पेक्षा जास्त दिवस गहाळ असलेला महिना सोडा, आणि ११ पेक्षा कमी महिने असलेले वर्षही. मग प्रत्येक महिन्याची अनेक वर्षांची सरासरी काढून ती त्या त्या महिन्यातून वजा करा. हे टाळले आणि नोंदी नेमक्या एकाच ऋतूत गहाळ असल्या, तर ऋतुचक्रच कल म्हणून समोर येते.

सरळ रेषा बसवण्यापूर्वी मालिकेची लांबी बघा. चंद्राच्या कक्षेचे १८.६ वर्षांचे चक्र भरतीत उमटते, शिवाय दशकादशकाचे हेलकावे असतात. पंधरा-वीस वर्षांच्या मापक-नोंदीवरून कल सांगू नये. ५०-६० वर्षे असली तर बोलावे. स्प्रेडशीट कलाची जी त्रुटी (अनिश्चितता) दाखवते ती फसवी असते, कारण एका महिन्याची पातळी आधीच्या महिन्यावर अवलंबून असते. रेषा वजा करून उरलेल्या फरकांचा लगतच्या महिन्याशी सहसंबंध काढा. एक अधिक सहसंबंध, भागिले एक उणे सहसंबंध, याच्या वर्गमुळाने त्रुटी गुणा. सहसंबंध ०.५ असेल तर त्रुटी १.७ पट होते, आणि अनेक ‘ठाम’ कल इथेच डळमळतात.

मापक समुद्र मोजतो तो जमिनीच्या तुलनेत. स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्याने जमीन अजून वर येते आहे, म्हणून तिथे मापकावर पाणी उतरताना दिसते. मेक्सिकोच्या आखातात गॅल्व्हेस्टनला जमीन खचते, तिथे वाढ वर्षाला सुमारे साडेसहा मिमी भरते. जमिनीचा वाटा वेगळा करायला जवळच्या जीएनएसएस केंद्राची (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जमिनीची जागा मोजणाऱ्या केंद्राची) उभी गती घ्या किंवा उपग्रहाची पातळी ताडून पाहा. समुद्राची उंची रडारने मोजणारा टोपेक्स-पोसायडन उपग्रह १९९२ मध्ये गेल्यापासून ती मालिका अखंड आहे. मात्र किनाऱ्यापासूनच्या दहा-वीस किलोमीटरवर विसंबू नका. रडार एका वेळी पाण्याचा जेवढा तुकडा पाहतो त्यात जमीन मिसळते. अरुंद आखातात मग फारसे काही उरतच नाही.

समुद्रपृष्ठाच्या तापमानासाठी अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींची ओआयएसएसटी मालिका सप्टेंबर १९८१ पासून दररोजची आहे. ईआरएसएसटी ही दुसरी मालिका १८५४ पर्यंत मागे जाते, पण तिची चौकट दोन अंशांची. लहान आखात तिच्यात हरवून जाते. जुन्या जहाजी नोंदींत बादलीतले पाणी बाष्पीभवनाने थंड होई, इंजिनाच्या नळातले गरम लागे. पद्धत बदलली की खोटी पायरी येते. अवरक्त उपग्रह पाण्याची केवळ वरची त्वचा पाहतो आणि निवांत दुपारी ती खालच्या पाण्याहून बरीच तापलेली असते, म्हणून कच्चा डेटा घेत असाल तर रात्रीचा घ्या.

दोन्ही मालिका हाती आल्या की पातळी आणि तापमान एकमेकांवर बसवण्याचा मोह होतो. आधी एक हिशेब करा. २८ अंशांच्या आसपासचे समुद्राचे पाणी दर अंशाला दहा हजारात सुमारे तीन भाग प्रसरण पावते. ५० मीटर खोल आखात एक अंशाने तापले तरी पातळी दीड सेंटिमीटरच वाढते. उथळ आखातातली बाकीची वाढ बाहेरच्या खोल महासागराच्या प्रसरणातून आणि वितळलेल्या बर्फातून येते. वर चढणाऱ्या कुठल्याही दोन रेषा एकमेकींशी जुळतातच, म्हणून दोन्हींतून कल वजा करून मगच तुलना करा. तरीही संबंध उरला तर वाऱ्याकडे पाहा: किनाऱ्याकडे लोटणारा वारा वरचे उबदार पाणी साचवतो आणि पातळी चढवतो, उलटा वारा पातळी उतरवून खालचे थंड पाणी वर आणतो.