महिला राष्ट्रीय फुटबॉल संघाची यादी : वय आणि अनुभव कसा मोजावा

मोठी स्पर्धा जवळ आली की राष्ट्रीय संघाची यादी जाहीर होते आणि काही तासांतच तिच्यावर ‘तरुण’, ‘वयस्कर’ किंवा ‘अननुभवी’ असा शिक्का बसतो. या शिक्क्यामागे बहुधा दोनच आकडे असतात : खेळाडूंचे सरासरी वय आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची सरासरी संख्या. हे आकडे चुकीचे नसतात, परंतु संघाची खरी रचना त्यांतून क्वचितच दिसते. ती पाहायची असेल तर यादीचा तक्ता स्वतः मांडावा लागतो. तो कसा मांडावा आणि कसा वाचावा, हे येथे सांगितले आहे. उदाहरणासाठी मुख्यतः २०२३ च्या विश्वचषकातील अमेरिकेचा संघ घेतला आहे, कारण ‘अननुभवी’ हे विशेषण त्याला फार सैलपणे लावले गेले.

तक्त्यात प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ ठेवावी आणि तिच्यापुढे मैदानावरील जागा, जन्मतारीख, आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या, पदार्पणाचे वर्ष, आधी खेळलेले विश्वचषक आणि इतर मोठ्या स्पर्धा असे रकाने करावेत. गेल्या वर्षभरात राष्ट्रीय संघासाठी प्रत्यक्ष किती मिनिटे खेळली, हा रकाना भरायला सर्वांत कंटाळवाणा असतो. पण तो टाळू नये. सामन्यांची संख्या ही आयुष्यभराची बेरीज असते, तर प्रशिक्षकाचा आज कोणावर विश्वास आहे हे मिनिटांवरून कळते.

त्यानंतर एक तारीख ठरवून घ्यावी. वय स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचे धरावे आणि सामन्यांची संख्या पहिल्या सामन्याच्या आधीची. हे क्षुल्लक वाटते, पण तारीख न ठरवल्याने दोन संघांच्या तुलनेत गफलत होते. अमेरिकेची ख्रिस्ती रॅम्पोन २०१५ चा विश्वचषक सुरू झाला तेव्हा ३९ वर्षांची होती आणि ५ जुलैच्या अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरली तेव्हा ४० वर्षांची. दक्षिण कोरियाची केसी फेअर २५ जुलै २०२३ रोजी कोलंबियाविरुद्ध उतरली आणि १६ वर्षे २६ दिवसांच्या वयात विश्वचषक खेळणारी सर्वांत लहान खेळाडू ठरली. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी तिचे वय १६ वर्षे २१ दिवस होते. विक्रमाची नोंद सामन्याच्या दिवसावर चालते, संघांची तुलना मात्र एकाच ठरलेल्या दिवसावर व्हायला हवी. शिवाय पूर्ण झालेली वर्षेच मोजली तर सरासरी वय सुमारे अर्ध्या वर्षाने कमी भरते. म्हणून एका संघाचे वय दिवसांपर्यंत आणि दुसऱ्याचे पूर्ण वर्षांत मोजून त्यांची तुलना करू नये.

आता सरासरीकडे येऊ. २३ जणींच्या संघात ४० वर्षांच्या एका खेळाडूऐवजी २० वर्षांची मुलगी घेतली तर सरासरी वय जवळजवळ नऊ दशांश वर्षाने उतरते, जरी उरलेल्या २२ जणी त्याच असल्या तरी. सामन्यांच्या बाबतीत हा परिणाम आणखी मोठा असतो : २३० सामने खेळलेली एकटी खेळाडू संघाची सरासरी दहाने वाढवते. यावर साधा उपाय असा की सर्व खेळाडू वयाच्या क्रमाने मांडून मधल्या, म्हणजे बाराव्या खेळाडूचे वय पाहावे, आणि २२ पेक्षा कमी, २२ ते २९ व ३० पासून पुढे अशा तीन गटांत किती जणी येतात ते मोजावे. ज्या संघात पहिला आणि तिसरा गट भरलेला असून मधला रोडावलेला आहे, त्या संघाची सरासरी अगदी चांगली दिसेल. परंतु पुढच्या चार वर्षांत त्याला अडचण येणार हे तक्ता आधीच सांगून जातो.

हे झाल्यावर अमेरिकेची २०२३ ची यादी घ्यावी. तिच्यातील २३ पैकी १४ खेळाडूंचा तो पहिलाच विश्वचषक होता आणि हाच आकडा सर्वत्र छापला गेला. आता त्या चौदा जणींपुढे वय लिहून पाहा. क्रिस्टी म्यूइस ३२ वर्षांची होती, गोलरक्षक ऑब्री किंग्सबरी ३१ वर्षांची, तर सोफिया ह्युर्टा आणि लिन विल्यम्स प्रत्येकी ३० वर्षांच्या. म्हणजे चौदा ‘नवख्यां’पैकी चार जणी तिशीत होत्या. म्यूइसने राष्ट्रीय संघात २०१३ मध्येच पदार्पण केले होते, आणि ती व विल्यम्स या दोघी टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होत्या. दुसऱ्या टोकाला अठरा वर्षांची अलिसा थॉम्पसन होती, आणि सव्हाना डेमेलो तर यादीत नाव आले तेव्हा राष्ट्रीय संघासाठी एकही सामना खेळलेली नव्हती. या सर्व जणींना एकाच आकड्यात बसवल्यावर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

उरलेल्या नऊ जणी पाहिल्या तर दुसरी गोष्ट लक्षात येते : त्या नऊही जणी २०१९ च्या विजेत्या संघातल्या होत्या. म्हणजे विश्वचषकाच्या अनुभवापुरते पाहिले तर एका बाजूला विजेत्या आणि दुसऱ्या बाजूला कोऱ्या पाटीच्या खेळाडू, अशी या यादीची सरळ विभागणी होती. अशा वेळी या दोन बाजू मैदानावर कोणकोणत्या जागी एकमेकींशेजारी येतात, हे पाहणे सरासरी काढण्यापेक्षा उपयोगाचे ठरते. बचावफळीच्या मध्यभागी कर्णधार बेकी सॉअरब्रन पायाच्या दुखापतीमुळे नव्हती, आणि तिथे २३ वर्षांच्या नाओमी गिर्मासोबत जुली अर्ट्झला खेळवण्यात आले. अर्ट्झ ऑगस्ट २०२२ मध्ये आई झालेली होती आणि विश्वचषकाच्या काही महिने आधीच संघात परतली होती. मॅलरी स्वॉन्सन आणि कॅटरिना मकारिओ याही दुखापतीमुळे बाहेर होत्या. संघाचा अनुभव कमी झाला तो सगळाच निवडीच्या धोरणामुळे झाला नव्हता. म्हणून तक्त्याखाली उपलब्ध नसलेल्या खेळाडूंची वेगळी यादी कारणासह लिहावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

अमेरिका अंतिम सोळा संघांच्या फेरीत स्वीडनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरली आणि दोष अननुभवावर टाकणे सोपे झाले. वास्तविक पेनल्टी हुकवणाऱ्या तिघींपैकी मेगन रॅपिनो ३८ वर्षांची होती आणि केली ओहारा दोनच दिवसांपूर्वी ३५ वर्षांची झालेली होती. तरुण होती ती केवळ सोफिया स्मिथ. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकसाठी प्रशिक्षक एमा हेज यांनी अॅलेक्स मॉर्गनसारख्या खेळाडूला वगळून १८ जणींचा संघ निवडला. ‘नवख्या’ यादीतल्या गिर्मा, एमिली फॉक्स, स्मिथ आणि ट्रिनिटी रॉडमन त्या संघात होत्या आणि त्यांनी सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्धचा एकमेव गोल स्वॉन्सनचा होता. तिचे वय होते २६ आणि तो तिचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. तिला तरुण म्हणावे की अनुभवी, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. वय आणि अनुभव हे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायचे ते यासाठीच.

सामन्यांची संख्या वाचताना ती कोणत्या देशात मिळवली आहे, हे विसरून चालत नाही. अमेरिकेची क्रिस्टीन लिली १९८७ ते २०१० या काळात ३५० हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळली. आपल्याकडे ओइनम बेमबेम देवी १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, भारतासाठी खेळू लागली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली. कारकिर्दीची लांबी जवळजवळ सारखी. तरीही शंभर सामने पूर्ण करणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू ठरली ती आशालता देवी, आणि तेही ऑक्टोबर २०२४ मध्ये. यात खेळाडूंच्या दर्जाचा किंवा चिकाटीचा प्रश्न नाही. कोणत्या संघटनेने वर्षाला किती सामने आयोजित केले, हा आहे. म्हणून दोन देशांची तुलना करताना प्रत्येक खेळाडूच्या सामन्यांना तिच्या पदार्पणापासून त्या देशाने खेळलेल्या एकूण सामन्यांनी भागावे. देशाच्या १०० सामन्यांपैकी ७० खेळलेली खेळाडू ही ३०० पैकी १०० खेळलेल्या खेळाडूपेक्षा आपल्या संघात अधिक रुजलेली असते.

पुरुषांच्या फुटबॉलची सवय असलेल्या वाचकांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. पुरुषांच्या ऑलिम्पिक फुटबॉलला २३ वर्षांखालील वयाची अट असते आणि मोजक्याच मोठ्या खेळाडूंना सवलत मिळते. महिलांच्या ऑलिम्पिक फुटबॉलला अशी वयाची अट नाही. १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून तिथे देशाचा मुख्य संघच उतरतो आणि ते सामने पूर्ण आंतरराष्ट्रीय सामने असतात. त्यामुळे ‘मोठ्या स्पर्धांचा अनुभव’ या रकान्यात ऑलिम्पिक धरले नाही तर तक्ता अर्धवट राहतो. मैत्रीपूर्ण सामने मात्र वेगळे मोजलेले बरे. शेवटची पाच मिनिटे खेळलेला सामना आणि पूर्ण ९० मिनिटांचा सामना संख्येत सारखेच धरले जातात, हेही लक्षात असू द्यावे.

गोलरक्षकांना सरासरीतून सरळ बाहेर काढावे. त्यांचे वय संघातील इतरांपेक्षा जास्त असणे साहजिक आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या गोलरक्षकाचे सामने कमी असणेही तितकेच साहजिक. वर उल्लेखिलेली किंग्सबरी यादीत आली तेव्हा तिच्या नावावर एकच आंतरराष्ट्रीय सामना होता. अलिसा नेहर २०१५ च्या विजेत्या संघात एक मिनिटही न खेळता होती. २०१९ मध्ये तीच पहिली गोलरक्षक होती.

ज्या अनुभवाची नोंद मुख्य संघाच्या आकड्यांत होत नाही, तो म्हणजे वयोगटांतील स्पर्धांचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ज्यांनी पाहिला, त्यांना कोलंबियाची लिंडा काइसेडो आठवत असेल. स्पेनने तो सामना १-० असा जिंकला. त्याच वर्षी काइसेडो कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत मुख्य संघाकडून आणि कोस्टारिकात २० वर्षांखालील विश्वचषकातही खेळली होती. २०२३ च्या विश्वचषकात अठरा वर्षांची काइसेडो जर्मनीविरुद्ध गोल करून गेली तेव्हा जगाला नवल वाटले, पण तिचा तक्ता मांडलेल्यांना ते वाटण्याचे कारण नव्हते. स्पेनच्या सल्मा पॅरायुएलोचेही तसेच आहे : १७ वर्षांखालील, २० वर्षांखालील आणि मुख्य असे तिन्ही विश्वचषक तिने २०१८ ते २०२३ या काळात जिंकले. त्यामुळे २३ वर्षांखालील प्रत्येक खेळाडूसाठी हा रकाना भरावाच.

कारकिर्दीतील खंडांचीही दखल घ्यावी. गुडघ्याच्या दुखापती, बाळंतपण आणि संघटनेशी झालेले वाद यांमुळे महिला फुटबॉलमध्ये वय वाढते पण सामने वाढत नाहीत, अशी स्थिती वारंवार येते. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पेनच्या पंधरा खेळाडूंनी आपण निवडीसाठी उपलब्ध नसल्याचे कळवले. त्यांपैकी तिघीच २०२३ च्या विश्वचषकात होत्या. विश्वविजेत्या संघाचे आकडे वाचताना हा संदर्भ नसेल तर ते आकडे चुकीच्या दिशेला नेतात.

शेवटी, एकत्र खेळण्याचा अनुभव. इंग्लंडने २०२२ ची युरो स्पर्धा जिंकली तेव्हा प्रशिक्षक सरिना विगमन यांनी सहाही सामन्यांत तेच अकरा खेळाडू सुरुवातीला उतरवले होते. २०२५ च्या स्पर्धेआधी मात्र मेरी अर्प्स आणि फ्रॅन कर्बी निवृत्त झाल्या आणि मिली ब्राइटने माघार घेतली, तरीही इंग्लंडने विजेतेपद राखले. उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनविरुद्ध ०-२ असे मागे असताना ३३ वर्षांची लुसी ब्राँझ आणि १९ वर्षांची मिशेल अॅजेमँग यांनी दोन-तीन मिनिटांच्या अंतरात गोल केले. अॅजेमँगचे पदार्पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाले होते. तक्त्यात एकत्र खेळण्याचा अनुभव टिपण्यासाठी बचावफळी, मधली फळी आणि आघाडी यांतील जोड्या मागील दहा सामन्यांत किती वेळा एकत्र उतरल्या ते लिहावे.

भारतीय संघाचा तक्ता मांडताना या सर्व सूचना अधिक सावधपणे वापराव्या लागतात. २०२२ चा आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला, परंतु कोविडच्या लागणीमुळे भारताला इराणविरुद्धचा एकच सामना खेळता आला. त्या यादीतील खेळाडूंपुढे ‘आशियाई चषकाचा अनुभव’ असे लिहिणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी त्यात वजन नाही. उलट ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माई येथे संगीता बासफोरच्या दोन गोलांमुळे थायलंडवर मिळवलेला २-१ असा विजय हा पात्रता फेरीतला होता, आणि पात्रता फेरीतून आशियाई चषकात जागा मिळवण्याची ती भारताची पहिलीच वेळ होती. अशा सामन्यांसाठी मी तक्त्यात वेगळा रकाना ठेवतो : हरल्यास सर्व काही संपले असते, असे सामने. भारतीय खेळाडूंपुढे तिथे लहान आकडे येतील, पण एकूण सामन्यांच्या संख्येपेक्षा ते अधिक बोलके असतील.