तरुणांचा गट घेऊन जंगलात काम कसं करावं

"गटप्रमुखानं सगळ्यांच्या पुढे राहावं, सगळ्यांपेक्षा जास्त राबावं, म्हणजे मुलं आपोआप कामाला लागतात." जंगलात तरुणांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. मलाही दिला होता. पहिली काही वर्षं मी तो तंतोतंत पाळला आणि त्यापायी एका मुलाच्या नडगीला सहा टाके पडले. तो प्रसंग खाली सविस्तर लिहिला आहे, कारण या कामातला तेवढाच भाग शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

परवानगी, प्रथमोपचाराची पेटी, बूट, हातमोजे, जवळच्या दवाखान्याचा रस्ता, मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे असं धरते. गट आठ-दहा जणांचा ठेवा. जास्त जण असतील तर दोन गट करा आणि दुसरा प्रमुख आणा.

आधी काम स्वतः करून बघा

उदाहरणासाठी घाणेरी काढायचं काम घेऊ. हिला टणटणीही म्हणतात. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती शोभेचं झाड म्हणून बागांमधून जगभर पोचली. पुढे पक्ष्यांनी फळं खाल्ली आणि बिया जंगलात नेल्या. वरवर कोयत्यानं छाटली तर ती बुंध्यापासून पुन्हा फुटते, आधीपेक्षा दाट. म्हणून खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्याही खाली, मातीत तीन-चार बोटं आत, मूळ तोडायचं. मग दोघा-तिघांनी झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे ती पुन्हा माती धरत नाहीत.

हे नवख्याला नुसतं सांगून कळत नाही. त्याच्यासमोर बसून हातानं माती बाजूला करा, खोडाखालचा तो जाडसर, गाठीसारखा भाग उघडा करा आणि त्याला तिथे बोट लावू द्या. बोटाला एकदा ती जागा कळली की पुढची शंभर झुडपं तो बरोबर तोडतो.

कुदळ चालवायच्या आधी काठीनं झुडूप हलवून बघा, आत मधमाश्या, घरटं किंवा साप असू शकतो. खाली उगवलेल्या मूळ जंगलातल्या झाडांच्या रोपांना रंगीत फीत बांधा, नाहीतर उत्साहाच्या भरात तीच आधी जातात.

अवजारं आणि अंतर

सकाळी अवजारं मोजा आणि प्रत्येक दांडा हलवून बघा. सैल दांडा रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची सवय पुष्कळांना असते. ती सोडा. लाकूड फुगून तेवढ्यापुरतं घट्ट बसतं, पण उन्हात वाळलं की आधीपेक्षा सैल होतं, आणि तेही नेमकं दुपारी, हात दमलेले असताना. नीट पाचर ठोका, नाहीतर ते अवजार गाडीतच ठेवा.

चालताना अवजार खांद्यावर घ्यायचं नाही. हातात, उताराच्या बाजूला, पातं खाली. काम करताना दोघांमध्ये दहा फूट अंतर हवं. उतारावर एकाच्या खाली दुसऱ्यानं कधीच काम करायचं नाही, सगळे एकाच पातळीवर आडव्या रांगेत.

हातातली कुदळ खाली ठेवा

आता तो प्रसंग. आम्ही नऊ जण होतो, जागा उताराची, घाणेरी डोक्याएवढी वाढलेली. मी सगळ्यांच्या पुढे होते. सकाळपासून मान वर केली नव्हती आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. अडीचच्या सुमारास वरच्या बाजूला एक मुलगा कुऱ्हाडीनं जाड फांद्या तोडत होता. त्याच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं, उतारावरून घसरत आलं आणि खाली वाकलेल्या मुलाच्या पायात घुसलं. ते दोघं एकाखाली एक आले होते हे मला ठाऊकच नव्हतं. जखम दाबून धरलेली असताना माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, ती कुऱ्हाड सकाळपासून हलत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कामात होतात."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं. खाली मान घालून राबणाऱ्या प्रमुखाला कुणी काही सांगायला येत नाही. या वयात आधीच कुणालाही सगळ्यांत पहिल्यांदा खाली बसायचं नसतं. हाताला फोड आला, चक्कर आली, पाणी संपलं, तरी मुलं दडवतात. त्यात प्रमुख स्वतः न थांबता, पाणी न पिता काम करत असेल, तर थांबणं म्हणजे कमीपणा हे त्यांच्या मनात पक्कं होतं. आपल्याला वाटतं, मुलं आपलं बघून कष्ट शिकतायत. खरं तर ती गप्प राहायला शिकत असतात.

म्हणून आता मी असं करते. पहिली वीस मिनिटं सगळ्यांबरोबर झुडपं काढते, कारण तुम्हाला काम येतं हे मुलांना दिसलंच पाहिजे. मग कुदळ सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवते आणि फिरायला लागते. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, दहा-पंधरा मिनिटांची एक फेरी. प्रत्येकापाशी थांबून चार गोष्टी बघते: पाय कुठे रोवलेत, दांडा कसा आहे, शेजारी किती लांब आहे, आणि चेहरा. सकाळी बडबडणारा गप्प झालाय का, उत्तर यायला वेळ लागतोय का, हे चेहऱ्याजवळ गेल्याशिवाय कळत नाही.

"ठीक आहेस ना?" असं विचारूच नका. त्याला "हो" एवढंच उत्तर येतं, पाय मोडला असला तरी. "बाटलीत पाणी किती उरलंय, दाखव बघू," असं विचारा. "हातमोजा काढ, तळवा बघू दे," म्हणा.

प्रत्येक फेरीत एका कुणाजवळ पाच मिनिटं थांबून हात लावा, झुडूप धरा, माती ओढा. सगळ्यात मागे पडलेल्याकडे जा. जो झपाट्यानं पुढे गेलाय त्याला तुमची गरज नसते, आणि तुम्ही त्याच्याशेजारी उभं राहिलात की बाकीचे त्याच्याशी शर्यत लावतात. शर्यत लागली की दहा फुटांचं अंतर आधी जातं.

मला सुरुवातीला हे फार अवघड गेलं. मुलं घामाघूम झालेली असताना मोकळ्या हातानं हिंडायची लाज वाटायची. दोनदा तर मी पुन्हा कुदळ उचलली, आणि दोन्ही वेळा तासाभरानं मान वर केली तेव्हा रांग विस्कटलेली होती. शेवटी यावर उपाय सापडला तो कानशीचा. हात रिकामे ठेवणं जमत नसेल तर कानस घ्या. फेरी मारताना एकेकाचं अवजार मागून घ्या, धार लावा, दांडा हलवून बघा आणि परत द्या. त्या दोन मिनिटांत मूलही सक्तीनं थांबतं, पाणी पितं आणि बोलतं. "ताई, ही कुदळ जरा हलतेय," हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते कानस हातात असतानाच.

१९३३ ते १९४२ या काळात अमेरिकेत 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' या सरकारी योजनेत सुमारे तीस लाख बेरोजगार तरुणांनी झाडं लावणं, वणवे विझवणं, जमिनीची धूप थांबवणं अशी कामं केली. बहुतेकांनी आधी जंगलात काम केलेलं नव्हतं. म्हणून छावणीच्या आसपासची जाणती माणसं पगार देऊन मुद्दाम घेतली होती, मुलांना शिकवायला आणि त्यांच्या कामावर नजर ठेवायला. काम करणं आणि काम बघणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं. तुमच्या गटात ते दुसरं काम तुमचं आहे, आणि ते सोडून तुम्ही पहिलं करायला गेलात तर ते करणारं कुणीच उरत नाही.

यालाच जोडून "थांबा"चा नियम. गटातल्या कुणीही "थांबा" म्हटलं की सगळ्यांनी हात थांबवायचे, अवजार जमिनीवर टेकवायचं, कारण नंतर विचारायचं. हा नियम सांगून भागत नाही, त्याची तालीम घ्यावी लागते. पहिल्या सकाळी काम सुरू झालं की गटातल्या सगळ्यात अबोल मुलाला किंवा मुलीला ओरडायला लावा. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही तर पुन्हा. आणि पुढे कुणी उगाच "थांबा" म्हटलं, पालीला साप समजून म्हटलं, तरी रागावू नका आणि कुणाला हसू देऊ नका. एकदा हसं झालं की खऱ्या वेळी तो आवाज निघणार नाही.

चूक दुरुस्त करायची तर लांबून ओरडून नको. जवळ जा, हळू बोला आणि माणसाविषयी न बोलता अवजाराविषयी बोला: "पातं तुझ्या पायाकडे येतंय, डावा पाय मागे घे." अठरा-वीस वर्षांच्या पोराला चारचौघांत टोकलं की तो त्या दिवसापुरता तुमचं ऐकणं सोडतो. धोका असेल तेव्हा मात्र मोठ्यानं ओरडा, मान-अपमान नंतर बघू.

ऊन आणि दुपार

तोडायचं सगळं काम सकाळी. जेवणानंतर कुऱ्हाड बंद, मग फक्त वाहणं, रचणं, रोपं उपटणं. यावर माझ्याशी पुष्कळांनी वाद घातला आहे, पण मी हे बदलत नाही.

कडक उन्हात कधी काम न केलेल्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण दिवसाच्या एक पंचमांशच वेळ उन्हात राबावं आणि रोज तेवढाच वेळ वाढवत न्यावा. शरीराला ऊन सवयीचं व्हायला दिवस लागतात, जिद्दीनं ते लवकर होत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाव लिटर पाणी प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. पण तासाला दीड लिटरच्या वर नको, अती पाणीही घातक असतं. कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी कुणालातरी मदतीसाठी फोन करायला लावा. आधी अंग थंड करायचं, मग हलवायचं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडेसुद्धा मोजून होत नसतील तर काम बंद, अवजारं खाली, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, तो अवयव हलू न देता थेट दवाखाना गाठा.

निघताना

अवजारं मोजून आकडा सकाळशी जुळवा, एक कमी असेल तर ते सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. दिवसाबद्दल बोलायचं असेल तर सगळे बसल्यावर बोला आणि "आज कुठे भीती वाटली?" एवढं एकच विचारा. पहिले दोन दिवस कुणी बोलत नाही, तरी विचारत राहा.

पहिल्या चांगल्या पावसानंतर काही आठवड्यांनी त्याच जागेवर परत या, जमल्यास त्याच मुलांना घेऊन. जमिनीत पडलेल्या बिया तोवर उगवलेल्या असतात, आणि हा फेरा चुकवला तर आधीचे सगळे कष्ट वाया जातात. या फेरीला कुदळही लागत नाही. ओल्या मातीतून घाणेरीचं वीतभर रोप दोन बोटांनी अलगद, मुळासकट वर येतं.