तासाला किती मूल्य? फौंड्रीच्या वहीतून देशादेशांतला फरक समजून घेताना

वर्षाकाठी सर्वांत कमी तास काम करणाऱ्या देशांत जर्मनी येतो, तरी तिथला कामगार आपल्यापेक्षा कितीतरी सुखवस्तू आहे. म्हणजे फरक राबण्यात नाही, एका तासात किती मूल्य तयार होते यात आहे. ते कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) मोजता येते.

महिन्याच्या विक्रीतून जीएसटी वगळा. मग बाहेरून घेतलेले सगळे वजा करा: भंगार, पिग आयर्न (कच्चे लोखंड), साच्याची वाळू, ती बांधणारी बेंटोनाइट माती, वीज, जॉबवर्क (बाहेरून करून घेतलेले काम). पगार, व्याज आणि घसारा (यंत्रांची झीज) मात्र वजा करायचा नाही. उरते ते मूल्यवर्धन; देशभरातल्या अशा मूल्यवर्धनाची बेरीज म्हणजेच ढोबळमानाने जीडीपी. त्याला एकूण तासांनी भागा. हेल्पर आणि मालकाचे तासही त्यात येतात. ठेकेदाराच्या माणसांचे तास धरले, तर ठेक्याची रक्कम वजा करू नका. हिशोब बहुतेक वेळा इथेच फसतो.

समजा विक्री 30 लाख, बाहेरची खरेदी 21 लाख. मूल्यवर्धन 9 लाख. 20 माणसे, 26 दिवस, रोज 8 तास म्हणजे 4,160 तास. तासाला 216 रुपये.

आता रिजेक्शन, म्हणजे खराब निघून बाद होणारा माल, बघा. ते 8 टक्क्यांवरून 3 वर आले, तर तेवढ्याच तासांत चांगला माल 5 टक्क्यांहून जास्त निघतो, विक्री सुमारे 1.6 लाखांनी वाढते. त्यासाठी लागणाऱ्या जादा धातूचे 60 हजार धरले तरी मूल्यवर्धन 10 लाखांवर जाते, तासाला 240 रुपये. नवे मशीन नाही, ओव्हरटाइम नाही. (ओव्हरटाइमने उत्पादन वाढते, उत्पादकता नव्हे.) ब्लोहोल (ओतलेल्या मालात वायूमुळे पडणारी छिद्रे) येत असतील तर आधी वाळूतला ओलावा प्रत्येक शिफ्टला तपासून लिहा, ग्रीन सँडला (साच्याच्या ओलसर वाळूला) साधारण 3 ते 4 टक्के पुरतो. त्याहून जास्त झाला की वाफ साच्यातून बाहेर पडत नाही.

व्यवस्थापनाने एवढा फरक पडतो याला पुरावा आहे. मुंबईजवळच्या कापड गिरण्यांत अर्थतज्ज्ञ निक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. दर्जा, साठा आणि देखभालीच्या नोंदी नीट लावल्यावर पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

पण सगळी दरी यातून भरत नाही. इचलकरंजीत साधा शटलचा माग मिनिटाला शंभर-दीडशे पिक (आडवे धागे) टाकतो, हवेच्या झोताने धागा टाकणारा एअरजेट सहाशेच्या वर. हा भांडवलाचा फरक. मात्र एअरजेटला अखंड वीज, कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर, एकसारखे सूत आणि जाणता फिटर लागतो. एक कडी कच्ची असली की महागडा माग उभा राहतो आणि हप्ते चालू राहतात. श्रीमंत देशांत या सगळ्या कड्या एकाच वेळी मजबूत असतात, म्हणून आपल्याकडे नुसते मशीन आणून तिथले आकडे येत नाहीत.

दोन देशांच्या आकड्यांची तुलना करताना चलनाचा दर जपून निवडा. निर्यातीच्या कास्टिंगला (ओतीव मालाला) बाजारातला विनिमय दर चालतो. राहणीमान पाहायचे तर क्रयशक्तीचा दर (तेवढ्या पैशात कुठे किती वस्तू-सेवा मिळतात यावरून काढलेला) घ्या, कारण केशकर्तन आणि खोलीभाडे इथे स्वस्त आहे.

वहीत बंद तासांचे कारणवार रकाने ठेवा: वीज, सुटे भाग, सेटिंग, साहित्याची वाट. सेटिंगपैकी (पुढच्या कामासाठी मशीन तयार करण्यापैकी) जे मशीन चालू असताना करता येते (टूल लावून ठेवणे, फिक्स्चर आणून ठेवणे) ते आधीच उरका. टोयोटात 1,000 टनी प्रेसचे सेटिंग जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी याच पद्धतीने 4 तासांवरून 3 मिनिटांवर आणले. थकलेल्या बिलांचा रकाना वेगळा ठेवा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादाराला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळायला हवेत, पुढे व्याज मागता येते.