‘ध’चा ‘मा’ करणारा कारकून: इतिहास, जीवघेणी जादू आणि दोन पुरुषांचं प्रेम कादंबरीत कसं आणावं

“पेशवाईतली कथा आहे, दोन पुरुषांची प्रेमकथा आहे, शिवाय जादूही आहे. सुरुवात कुठून करू?” असं कुणी विचारलं की मी आधी काळ लहान करायला सांगतो. ‘पेशवाई’ म्हणजे शंभरावर वर्षं. त्यात पात्रं हरवून जातात. मी माझ्या खर्ड्यासाठी आठच महिने घेतले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्याचा मुलगा सवाई माधवराव जन्मला. मधल्या काळात उद्या कुणाचा मुजरा करायचा हेच पुण्यात कुणाला ठाऊक नव्हतं. अशा दिवसांत दोन माणसांचं गुपित आपोआप महाग होतं.

त्यानंतर जादू शोधा, आणि ती त्याच मातीत शोधा. आग ओकणारी काठी नको. मूठ, करणी, भानामती हे शब्द आपल्याकडे आहेत, पण जपून वापरा. चेटकीण ठरवून बायकांना मारल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत आणि २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. म्हातारी विधवा किंवा गावकुसाबाहेरचा भगत खलनायक करून मोकळं होणं मला तरी जमत नाही.

मला जादू सापडली ती आख्यायिकेत. ‘नारायणरावास धरावे’ असं पत्र होतं, आनंदीबाईनं ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झालं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. आता कल्पना करा, ते अक्षर प्रत्यक्ष फिरवणारा हात एका कारकुनाचा होता. त्याच्या बोरूत अशी विद्या आहे की बदललेलं अक्षर घडूनच येतं. हा माझा विसाजी. आणि ती थैली पोचवणारा जासूद, धोंडू.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी: जादूची किंमत ठरवा. रक्त, आयुष्य, आठवणी या किमती वापरून वापरून झिजल्या आहेत. किंमत अशी हवी की ती नेमकी प्रेमावर पडेल. विसाजी जे अक्षर कागदावरून पुसतो, ते त्याच्या जिभेवरूनही जातं. ‘ध’ गेला. आता त्याला दूध मागता येत नाही. बुधवार पेठेला तो ‘कसब्यापलीकडची पेठ’ म्हणतो. आणि धोंडूला हाक मारता येत नाही. त्यानं अक्षर फिरवलं ते धोंडूला वाचवण्यासाठीच, हे कारण मात्र आधीच्या प्रकरणांत पक्कं रुजवा, नाहीतर सगळं गमतीचं कोडं होऊन बसतं.

प्रेम कसं दाखवायचं? इथे मराठी फार मदत करते. विसाजी कारकून, त्यामुळे तो जासुदाला पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच करणार. त्याच्या ‘तू’ला काही किंमत नाही. धोंडू मात्र ‘जी’, ‘विसाजीपंत’, ‘आपण’ असंच बोलणार. म्हणून खालून वर गेलेला एक ‘तू’ जपून ठेवा आणि एकदाच खर्च करा. माझ्या खर्ड्यात तो खुनाच्या आधी येतो, असा:

विसाजीनं पत्रावर वाळू टाकली, झटकली. “पहाटे निघतोस?”

“जी.”

“पावसात घाट सोसेल?”

धोंडूनं थैली उचलली, परत ठेवली. “विसू, तुझं बोट बघ, शाईनं काळं झालंय,” असं म्हणून मुंडाशाच्या शेवानं तो ते पुसू लागला.

बास. ‘प्रेम’ हा शब्द इथे आला असता तर प्रसंग मेला असता. त्याचप्रमाणे ‘समलिंगी’ किंवा ‘गे’ हे शब्द या माणसांच्या तोंडी घालू नका. ते आपल्या काळाचे आहेत. कलम ३७७ चं भयही नको. तो इंग्रजांचा कायदा १८६० चा, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो रद्द केला. १७७३ च्या पुण्यात भय वेगळं असेल: लोकापवाद, ठरलेलं लग्न, जातीचं ग्रामण्य, म्हणजे वाळीत पडणं. शिवाय विसाजीला रामशास्त्र्यांच्या चौकशीचं भय, तेही खुनासाठी. दोन भयं एकमेकांत गुंतली की कथानक आपोआप पळतं.

तपशील तपासण्याची पायरी कंटाळवाणी आहे, टाळू नका. माझा कारकून पहिल्या खर्ड्यात चहा पीत होता आणि काडेपेटीनं समई लावत होता! चकमक हवी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हे कळल्यावर मला एक अख्खं प्रकरण मिळालं. खून भरदुपारी झाला, गणपतीचे दिवस होते, हेही लक्षात ठेवा. जादूचा प्रत्येक प्रसंग अमावास्येच्या रात्री रंगवायची गरज नाही.

शेवटी, जादूचा नियम केला की लेखकानं तो पाळायचा. खुनानंतरचे विसाजीचे सगळे संवाद काढून मी एकेक अक्षर तपासलं असं मला वाटत होतं. वाचून देणाऱ्या मैत्रिणीनं अकराव्या प्रकरणात बोट ठेवलं. धोंडू भिजून परत येतो आणि विसाजी म्हणतो, “आधी जेव.” त्यात ‘ध’ होता. आता तो “अगोदर जेव” म्हणतो, आणि घास हातात घेतलेला धोंडू क्षणभर थांबून त्याच्या तोंडाकडे बघतो.